चाकाचा आऊट कोण काढणार?

दीड किलो वजनाच्या दोन चाकांना दीड लाख रुपये. म्हणजे ग्रॅमला शंभर. हा हिशेब ऐकून आमच्या मामीने फक्त "चाकंच ना रे ती?" एवढंच विचारलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीच्या चर्चेतला सगळ्यात चांगला मुद्दा तोच होता.

प्रकरण असं आहे. माझा मामेभाऊ मुर्रीला राहतो. मुर्री म्हणजे गोंदिया शहराला खेटून असलेलं गाव. (पाकिस्तानातलं थंड हवेचं मरी नव्हे. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो.) हैदराबादच्या एका कंपनीचं काम घरून करतो, पगार हैदराबादचा, खर्च मुर्रीचा, लग्न अजून व्हायचंय. थोडक्यात, महागड्या सायकलसाठी अत्यंत पोषक हवामान. कार्बनची फ्रेम आली, इलेक्ट्रॉनिक गिअर आले, आता चाकं. नागपूरला जाऊन २०० किमीची ब्रेव्हे केली, या हिवाळ्यात ३०० आणि ६०० करायचीये, आणि पुढे कधीतरी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किमी, ९० तासांत. स्वप्न चांगलं आहे. त्याने मला चौदा व्हीलसेटची एक शीट पाठवली: वजन, रिमची खोली, रुंदी, हबचे पॉइंट्स ऑफ एंगेजमेंट, किंमत. "दादा, यातलं कुठलं घेऊ ते सांग."

शीट पाहून मी म्हटलं, यात एक कॉलम कमी आहे. मोडल्यावर कोण दुरुस्त करणार?

आपल्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं. सिस्टीम किती वेगाने चालते हा एक आकडा. पडल्यावर पुन्हा उभी राहायला किती वेळ लागतो हा दुसरा. डेमोमध्ये पहिला दाखवतात, रात्री तीन वाजता फोन वाजतो तो दुसऱ्यासाठी. व्हीलसेटच्या जगात हा दुसरा आकडा कोणी छापतच नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की मुर्रीत राहणाऱ्या माणसाने (आणि पुण्या-बंगळुरातल्या बहुतेकांनीसुद्धा, पण त्यांच्याकडे नंतर येतो) चाक निवडताना आधी तोच पाहावा.

पण आधी वेगाचा हिशेब करून टाकू, नाहीतर "तुम्हाला काय कळतंय एअरोमधलं" असं होतं.

भाऊ आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी ३० किमीने जाताना हवा कापायला त्याला साधारण ११० वॉट लागतात आणि टायरच्या घर्षणाला ३५ ते ४५. साध्या बुटक्या रिमच्या जागी ५० मिमी खोल कार्बन रिम लावली तर हवेचा अडथळा कमी होतो, हे खरंच आहे. आपण हात सैल सोडून फरक धरू, ड्रॅग एरियात ०.००८ चौरस मीटर. त्याने ३० च्या वेगाला वाचतात पावणेतीन वॉट. २०० किमीच्या राइडमध्ये साधारण तीन मिनिटं. ताशी ४५ ला हीच बचत नऊ वॉटच्या वर जाते, कारण हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणून जाहिरातीतले वॉट नेहमी ४५ च्या वेगाला मोजलेले असतात. खोटं कोणी बोलत नाही, फक्त तो वेग आपला नसतो.

आता वजन. चारशे ग्रॅम हलकी चाकं. विदर्भात चढ शोधायचा तर चिखलदऱ्याला जावं लागतं. परतवाड्याहून वर जाताना सुमारे ७०० मीटर चढ धरला, आणि गडी सलग २०० वॉट काढतोय असं मानलं, तर ४०० ग्रॅमनी वाचतात जेमतेम चौदा सेकंद. चौदा! वर पोचून चहा सांगायला याहून जास्त वेळ लागतो. "पण फिरणारं वजन दुप्पट मोजतात ना?" हो, वेग पकडताना मोजतात, रिमच्या काठावरचं वजन जवळपास दुप्पट. दुप्पट म्हणजे ८५ किलोत ८०० ग्रॅम. एक टक्काही नाही. आणि गोंदियाच्या आसपास सगळ्या धानाच्या बांध्या. रस्ता किती सपाट असतो ते रोवणीच्या दिवसांत दोन्ही बाजूंना नुसतं पाणी उभं असताना पाहिलं की कळतं.

हे सगळं आकडे मांडून सांगितल्यावर शांतता झाली. मग म्हणाला, "पण भारी दिसतात."

हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. सायकल भारी दिसली की माणूस पहाटे पाच वाजता उठतो, आणि उठण्याने जेवढा वेग वाढतो तेवढा कुठल्याच रिमने वाढत नाही. फक्त हा खर्च दिसण्यावर चाललाय हे माहीत असावं. एअरोडायनॅमिक्सच्या खात्यात टाकू नये.

आता मुर्री. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्याआधी सगळा भंडारा. महाराष्ट्राच्या नकाशात पूर्वेचं टोक, बालाघाट आणि छत्तीसगड हाकेच्या अंतरावर. नागपूर रेल्वेने १३० किमी. कार्बन व्हीलसेटचा स्पोक, ट्यूबलेसची टेप, ८० मिमी लांब वॉल्व्हची ट्यूब यांपैकी काहीही हवं असेल तर एकतर नागपूर, नाहीतर कुरिअर. नागपुरातही नसेल तर पुण्याहून. कोल्हापूरहून पुण्यामार्गे निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाला पोचायला दिवसाहून जास्त घेते, यावरून एकाच राज्यात आपण किती लांब राहतो याचा अंदाज यावा.

आणि रस्ते. महामार्ग चांगले आहेत, देवरी-साकोलीकडून जाणारा ५३ नंबर तर उत्तमच. पण महामार्गापर्यंत पोचायला आतले रस्ते लागतात. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरावर येतात, लोखंडी चाकांसकट. त्यांनी डांबराची जी कातडी सोलून निघते ती पुढे वर्षभर तशीच. कापणीनंतर रस्त्यावर तणस. तणसाखाली काय आहे ते दिसत नाही. बहुतेक वेळा काही नसतं, एखाद्या वेळी खड्डा असतो. बाभळीचे काटे बारमाही. आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून सुटलेल्या बारीक स्टीलच्या तारा, या पंक्चरच्या बाबतीत काट्याच्याही बाप.

याच रस्त्यांवर गेली कित्येक वर्षं एक चाक निमूटपणे चालतंय, त्याच्याकडे जरा बघायला हवं. आपली काळी सायकल. हिरो, हर्क्युलिस, ॲटलस. (ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तोही नेमका जागतिक सायकल दिनी. नियतीला विनोदबुद्धी असते, पण वाईट.) या सायकलचं चाक २८ इंची, रिमचा व्यास ६३५ मिमी, टायर जवळपास ४० मिमी रुंद. पुढच्या चाकात ३२ स्पोक, मागच्यात ४०. हा ३२-४० चा हिशेब मूळ ब्रिटिश रोडस्टरचा, आपण तो तसाच ठेवला, कारण मागच्या कॅरिअरवर आपल्याकडे जे काय बसतं ते इंग्लंडमध्ये कोणी स्वप्नातही बसवलं नसेल. धानाचं पोतं, दुधाचे कॅन, गॅसचं सिलिंडर, सासुरवाडीची माणसं.

चाळीस स्पोक कशाला, हे समजायला चाक चालतं कसं ते बघावं लागेल. बहुतेकांना वाटतं खालचे स्पोक काठीसारखे वजन पेलतात. दोन मिलिमीटरची तार काय वजन पेलणार, लगेच वाकेल. तर चाक बांधतानाच प्रत्येक स्पोक भरपूर ताणून ठेवलेला असतो. वजन आलं की जमिनीकडच्या दोन-चार स्पोकांचा ताण कमी होतो, बाकीच्यांचा जवळपास आहे तसाच राहतो. म्हणजे चाक उभं असतं ते आधीच भरून ठेवलेल्या ताणावर, आणि खड्ड्यात आपटलं की तो ताण खर्च होतो. सगळा खर्च झाला, स्पोक सैल पडला, की निपल फिरायला लागतं आणि चाक आऊट होतं. योब्स्ट ब्रँट नावाच्या इंजिनिअरने १९८१ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि आमच्या नाक्यावरचे मिस्त्री ते न वाचताच स्पोकावर पान्याने टिचकी मारून आवाज ऐकतात. तंबोरा लावतात तसं. दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

आता समजा एक स्पोक तुटला. चाळीसातला एक गेला तर चाक थोडं डुलतं, गडी शीळ घालत घरी येतो. वीसातला एक गेला तर शेजारच्यांना ते अंतर सांभाळता येत नाही, रिम एका बाजूला ओढली जाते आणि फ्रेमला घासायला लागते. डिस्क ब्रेकमुळे ब्रेकचा प्रश्न सुटला, फ्रेमचा नाही. महागड्या चाकांमध्ये स्पोक कमी असतात याचं कारण एअरो आणि वजन. वर काढलेली तीन मिनिटं आणि चौदा सेकंद. त्या बदल्यात आपण काय दिलं, तर एक स्पोक तुटल्यावर घरी येण्याची शक्यता.

शर्यतीतले लोक हा सौदा खुशाल करतात आणि त्यांचं बरोबरच आहे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली, सुमारे ४८०० किमी, ११ दिवस २१ तासांत. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी दोघांच्या टीमने केली. विदर्भातल्या प्रत्येक सायकलवाल्याच्या फोनमध्ये समर्थांचा एखादा फोटो असतोच, आमच्या भावाच्याही आहे. पण त्या शर्यतीत रायडरच्या दिमतीला गाडी असते. गाडीत माणसं, माणसांजवळ जादा चाकं. चाक बिघडलं तर दुसरं लावायचं, दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांच्याकडे हॉट स्टँडबाय आहे.

ब्रेव्हेमध्ये नियमच उलटा. दोन कंट्रोलच्या मध्ये बाहेरून मदत घ्यायची नाही, जे काय करायचं ते तुमचं तुम्ही. ३०० किमीला २० तास, ६०० ला ४० तास. म्हणजे रात्र आलीच. रात्री दोन वाजता साकोली-लाखनीच्या दरम्यान शोल्डरवर, शेजारून ट्रक जातायत, हेडलॅम्पच्या उजेडात चाक हातात घेऊन बसलेला माझा मामेभाऊ, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं. मामीच्याही येत असणार, ती बोलून दाखवत नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह: निपल बाहेर दिसले पाहिजेत. काही कार्बन रिममध्ये निपल रिमच्या आत लपवलेले असतात. दिसायला सुबक, हवेलाही थोडे बरे. पण अर्ध्या आट्याने स्पोक ताणायचा तर टायर काढा, टेप उचकटा, मग आतून पाना घाला. गेल्या दिवाळीत त्याच्या एका मित्राचं असं चाक आम्ही नाक्यावरच्या मिस्त्रीकाकांकडे नेलं होतं. त्यांनी ते दोन-तीनदा फिरवलं, उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "भाऊ, याचे निपल कुठी हायेत?" आत आहेत म्हटल्यावर त्यांनी चाक परत दिलं. रागाने नाही, पेशंट दुसऱ्या डॉक्टरचा आहे म्हणावं, तसं. या माणसाने आयुष्यात हजारो चाकांचे आऊट काढलेत. त्यांच्या हातात बसणारं चाक घेतलं तर त्यांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवावर तुमचा हक्क राहतो, दहा-वीस रुपयांत. न बसणारं घेतलं की तो अनुभव असून नसल्यासारखा.

दुसरा आग्रह साध्या, टोकाला वाकवलेल्या गोल स्पोकांचा. एकाच कंपनीचे, एकाच लांबीचे, चपटे, सरळ टोकाचे स्पोक असतील तर तो सरळसरळ व्हेंडर लॉक-इन आहे. आज कंपनी आहे, पाच वर्षांनी मॉडेल बंद, स्पोक मिळत नाही, आणि एका तारेपायी अख्खं चाक माळ्यावर. पुढे २४, मागे २८ स्पोक. वजन शंभरएक ग्रॅमनी वाढेल. वाढू दे.

हबबद्दल शीटमध्ये सगळ्यात जास्त कॉलम होते आणि खरं तर सगळ्यात कमी बोलण्यासारखं आहे. एंगेजमेंट पॉइंट ३६ की ७२, याने रोड बाइकवर काही फरक पडत नाही, फक्त आवाज बदलतो. बघायचं एवढंच की उघडता कसं येतं. डीटी स्विस ३५० सारख्या हबची टोकं हाताने ओढून निघतात, आत कार्ट्रिज बेअरिंग, आणि ६९०२ सारख्या ठरलेल्या नंबरचं बेअरिंग गोंदियातही मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे नाहीतर बेअरिंगच्या दुकानात विचारता येतं. किंवा मग शिमानो. गंमत म्हणजे अल्टेग्रा आणि ड्युरा-एससारख्या उंची चाकांतही शिमानोने जुने कप-कोन आणि सुटे छर्रे ठेवलेत. सगळं जग कार्ट्रिजकडे गेलं तरी यांनी सोडले नाहीत. एक पातळ पाना दिला तर आमचे मिस्त्रीकाका ते डोळे मिटून उघडतील, ग्रीस भरतील आणि कोन असा बसवतील की चाक डुलणारही नाही आणि अडणारही नाही. काळ्या सायकलचा हब आणि ड्युरा-एसचा हब आतून चुलत भाऊ आहेत, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

आता जिथे मी अजिबात तडजोड करणार नाही तो मुद्दा. हुकलेस रिम. टायर पकडून ठेवायला रिमच्या कडेला आत वळलेला जो ओठ असतो तो हुक. तो काढून टाकला की कार्बन रिम बनवणं सोपं आणि स्वस्त होतं. त्याबदल्यात नियम येतात: हवा ५ बारच्या वर नाही, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, टायर त्या रिमला चालणाराच, रिमच्या आतल्या रुंदीच्या मानाने टायर अरुंद नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूरमध्ये थॉमस डी गेंटचा टायर अशाच रिमवरून सुटला, तो पडला, आणि मग यूसीआयलासुद्धा यात लक्ष घालावं लागलं. नियम पाळले तर हुकलेस सुरक्षित आहे, असं कंपन्या म्हणतात. असेलही. माझा प्रश्न नियम कोण पाळणार हा आहे.

तिरोडा रोडवरच्या पेट्रोल पंपावर हवा भरणारा पोरगा दिवसभर ट्रकचे टायर भरतो, त्याच्या हाताला शंभर-सव्वाशे पीएसआयची सवय. मीटरचा काटा गेल्या पावसाळ्यापासून अडकलेला. त्यात आपलं ऊन. टायरमधल्या हवेचं तापमान २७ वरून ५७ अंशांवर गेलं (मे महिन्यात गाडीच्या टपावर सायकल बांधून नागपूरला निघालं की एवढं सहज होतं) तर शाळेतल्या फिजिक्सप्रमाणे निरपेक्ष दाब दहा टक्क्यांनी वाढतो. सकाळी मोजून ५ बार भरलेली हवा दुपारी ५.६ होते. कंपनी मर्यादा ठरवताना वर काही मोकळीक ठेवत असणार, पण ती मोकळीक माझ्या भावाने वापरू नये एवढंच माझं म्हणणं. हुकवाली रिम काही ग्रॅम जड असते, कदाचित थोडी महाग. बाजारात भरपूर आहेत. मग हा धोका कशासाठी घ्यायचा, ते मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

ट्यूबलेसबद्दल मात्र मी कट्टर नाही. बाभळीच्या काट्यांवर सीलंटसारखा उपाय नाही, काटा निघतो, दोन फुगे येतात, भोक बंद. पण सीलंट म्हणजे शेवटी पाण्यातलं लॅटेक्स, विदर्भाच्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं आणि आत रबराची साय उरते. महिना-दोन महिन्यांनी बघून भरायची शिस्त असेल तर ट्यूबलेस, नसेल तर ट्यूब. हुकवाल्या ट्यूबलेस-रेडी रिमवर दोन्ही चालतं आणि हेच तिचं मोठेपण. दुकानात मात्र एक करून बघायचं: आपल्याच टायरने, आपल्याच अंगठ्यांनी टायर बसतो का. काही जोड्या इतक्या घट्ट असतात की लिव्हर मोडतो. घरी एसीत मोडला तर ठीक.

आणि टायर! शीटमध्ये टायरचा कॉलमच नव्हता. दीड लाखाची चाकं आणि वर सायकलबरोबर आलेले २५ मिमीचे टणक टायर. घर्षणाचा गुणांक ०.००६५ वरून ०.००४ वर आणणारे मऊ कापडी अंगाचे चांगले टायर लावले, तर ३० च्या वेगाला सतराएक वॉट वाचतात. खोल रिमच्या सहापट. २०० किमीत तीन मिनिटं नाही, पंधरा-अठरा मिनिटं. किंमत जोडीला दहा हजारांच्या आसपास. जागा असेल तेवढे रुंद घ्यावेत, ३० किंवा ३२ मिमी, हवा कमी, खड्डा बोचत नाही, रिम वाचते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी व्यावसायिक शर्यतीत २३ मिमीचे टायर होते, मग २५, मग २८, आता त्याहून रुंद. काळी सायकल ४० वर कधीची थांबली आहे. येतील हळूहळू तिच्यापर्यंत सगळे. :)

राहिली रिमची खोली. कार्बन घ्यायचीच तर ३५ ते ४० मिमी, पन्नास-साठ नको. वाऱ्याचा प्रश्न वेगळा, ट्रकचा वेगळा. दुपदरी रस्त्यावर समोरून ट्रक जातो तेव्हा आधी ढकलतो, मग ओढतो, आणि पुढची खोल रिम तो हेलकावा थेट हँडलमध्ये आणते. भाऊ वजनाने ५८ किलो. (८५ किलोत बाकीचं काय, असं विचारू नका, सायकल, पाणी, दिवे, हत्यारं, आणि मामीने दिलेला डबा.) हलक्या माणसाला हा हेलकावा जास्त जाणवतो. शिवाय रिम जेवढी खोल तेवढा वॉल्व्ह लांब, आणि लांब वॉल्व्हची ट्यूब गोंदियात मिळणार नाही.

कोणी म्हणेल, मग कार्बन तरी कशाला, चांगली ॲल्युमिनियमची चाकं घे. माझंही मत तेच. ॲल्युमिनियमची रिम खड्ड्यात आपटली तर वाकते, आणि वाकलेली दिसते. कार्बनची बहुतेक वेळा टिकते, पण चीर गेली तर ती दिसेलच असं नाही. पुण्यात कोणीतरी ठोकून आवाजावरून सांगतो, मुर्रीत कोण सांगणार? चाळीस हजारांत हाताने बांधलेली चाकं, दहा हजारांत टायर, उरलेल्या लाखात ब्रेव्हेच्या फिया, रेल्वेची तिकिटं आणि दोन वर्षांची खादाडी.

पुण्या-मुंबईतल्या मित्रांचं म्हणाल, तर जे खरोखर ४० च्या वेगाने ग्रुपमध्ये चालवतात, शर्यती करतात, ज्यांच्या घरापासून पाच किमीवर ट्रूइंग स्टँडवाला मेकॅनिक आहे, त्यांनी खोल रिम जरूर घ्यावी. तो वेग त्यांचा आहे, ते वॉटही त्यांचे. पण तुमच्यातले निम्मे लोक डिसेंबरात तीच चाकं घेऊन कोकणात उतरतात, गोव्याला जातात. तिथे अर्ध्या रस्त्यात स्पोक गेला की तुम्हीही मुर्रीतच राहता.

भावाने शेवटी काय घेतलं? अजून काही नाही. शीटमध्ये दोन कॉलम वाढवलेत, 'निपल बाहेर?' आणि 'हुक?', आणि चौदातली नऊ चाकं गळाली. उरलेल्या पाचांत एक ॲल्युमिनियमचं आहे, पण त्याच्या ओळीला त्याने अजून रंग दिलेला नाही, म्हणजे मनातून कार्बनच आहे. ठीक आहे, पैसा त्याचा, पाय त्याचे.

फक्त जे घेशील त्याच्याबरोबर जादा स्पोक त्याच वेळी मागून घे, असं सांगितलंय. पुढच्या-मागच्या आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या लांब्या वेगवेगळ्या असतात, म्हणून जेवढ्या लांब्या असतील त्या प्रत्येकीचे दोन-दोन, निपलसकट. विकणारा त्या वेळी फुकट देतो, नंतर एकेकासाठी आठवडे लावतो. त्यातले चार सीटपोस्टच्या नळीत कापड गुंडाळून बसतात, खडखड होत नाही. बाकीचे मिस्त्रीकाकांच्या दुकानात, लांबी लिहून, खिळ्याला टांगून ठेवायचे.